मामांची एमजी आणि वहिनींची सेडान

पत्र:

"ताई, आम्ही नागपुरात त्रिमूर्तीनगरात राहतो. मी ४१ वर्षांचा, बायको बँकेत, मुलगी अकराची, मुलगा सहाचा आणि आई सत्तरीची. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. जुनी हॅचबॅक विकली, हाताशी पंधरा लाख आहेत. बायको म्हणते नवी सेडान घेऊ. इकडे रामदासपेठेत मामांच्या शेडमध्ये आजोबांची १९६५ची एमजीबी उभी आहे. लाल, उघड्या टपाची, दोन सीटची. आजोबांनी ती दिल्लीला एसटीसीच्या, म्हणजे सरकारी व्यापार महामंडळाच्या, लिलावात उचलली होती, कुठल्या तरी वकिलातीची होती. लहानपणी मामा मला तिच्यात बसवून फुटाळ्यावर न्यायचे. आता नऊ वर्षं बंद आहे, आरसी अजून आजोबांच्याच नावावर. मामा ७६ वर्षांचे. म्हणतात, 'सात लाख दे अन् घेऊन जा, बाहेरचा याच्यापेक्षा जास्त देऊन राहिला.' माझे दोन बेत आहेत. एक, सात लाखांत एमजी आणि उरलेल्या आठात जुनी सेडान. दोन, एमजीच ठाकठीक करून रोज वापरायची आणि गावाला जायचं तेव्हा टॅक्सी. बायको तीन दिवस बोलत नाहीये. पण ताई, स्पोर्ट्स कार ती शेवटी स्पोर्ट्स कार, आणि तिची किंमत वाढतच जाणार ना? – एक भाचा"

भाचेबुवा,

बाकीच्या गोष्टींवर येतेच, पण आधी तुमचं ते शेवटचं वाक्य. 'स्पोर्ट्स कार ती शेवटी स्पोर्ट्स कार.' अहो, १९६५ची एमजीबी म्हणजे १७९८ सीसी, दोन कार्बोरेटर आणि कारखान्यातून निघाली त्या दिवशी ९५ अश्वशक्ती. नऊ वर्षं शेडमध्ये उभ्या असलेल्या इंजिनात त्यातले किती घोडे जिवंत आहेत देव जाणे. वहिनी म्हणतात ती सेडान, समजा होंडा सिटी, तिचं इंजिन १४९८ सीसीचं, म्हणजे लहानच, आणि ताकद १२१ पीएस, म्हणजे साधारण तितकीच अश्वशक्ती. ताशी साठ मैल, म्हणजे आपले सत्त्याण्णव किलोमीटर गाठायला एमजीला ऐन तारुण्यात बारा सेकंद लागायचे. सिटीला दहाच्या आसपास लागतात. व्हेरायटी चौकात सिग्नल सुटला तर वहिनी पुढे आणि तुम्ही मागे, हे आधी मान्य करून टाका. ती गाडी त्या काळी वेगवान वाटायची, कारण आजूबाजूला फियाट आणि अ‍ॅम्बॅसडर होत्या.

मग लोक तिच्यापायी वेडे का होतात? मला ठाऊक आहे, मीही त्यातलीच. बाबांचं सदरला गॅरेज होतं. मी शाळेत असताना तिथे अशीच एक हिरवी एमजी दुरुस्तीला येऊन दोन पावसाळे राहिली. मालक पैसे जमवून पाठवायचे तसतसं काम पुढे सरकायचं. ती चालू झाली त्या संध्याकाळी बाबांनी मला शेजारी बसवलं आणि सेमिनरी हिल्सच्या चढावर नेली. बूड रस्त्यापासून वीतभर वर, हात दाराबाहेर सोडला तर बोटं डांबराला लागतील असं वाटत होतं. काट्यावर पन्नास होते. मला वाटलं, आपण शंभरने चाललोय. बाबा पहिला गिअर टाकताना गाडी अगदी थांबवत होते. त्या मॉडेलला पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवून देणारी सोय, नाही, चालत्या गाडीत दामटला तर दातांवर दात घासल्याचा असा आवाज येतो की रस्त्यावरचा माणूस वळून बघतो. दर वळणावर काहीतरी करावं लागायचं, आणि ते नीट जमलं की गाडी कळवायची. आजची सेडान असं काही कळवत नाही. ती तुम्हाला घरी पोचवते. पन्नासच्या वेगात शंभरची मजा, एवढाच त्या जुन्या गाडीचा सगळा माल आहे. पण खरा आहे, तो मी नाकारणार नाही.

आता तुमचा दुसरा बेत, रोज वापरायचा. हा डोक्यातून काढून टाका. आजच.

पहिलं कारण आपलं नागपूर. तुम्ही इथलेच, नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, काय असतो ते मी सांगायला नको. आमच्या घरी फियाट ११०० होती. एका मे महिन्यात दुपारी बाराच्या सुमारास वर्धा रोडवर अजनी चौकाच्या अलीकडे ती बंद पडली. पेट्रोल होतं, ठिणगी होती, पण गाडी निघेना. इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ झाली होती आणि पंप नुसता वाफ ओढत बसला होता. बाबांनी आजीच्या हातातला ओला पंचा मागितला, पंपाला गुंडाळला, वर तांब्याभर पाणी ओतलं, आणि आम्ही पाऊण तास एका लिंबाच्या सावलीत बसून राहिलो. आजी म्हणाली, "गाडीले ऊन लागलं बाप्पा, कांदा फोडून लावा तिले." हसू नका, मला आजही याहून सोपं निदान सुचत नाही. एमजीचा पंप विजेवर चालतो आणि इंजिनापासून लांब मागे असतो, त्यामुळे ती त्या बाबतीत फियाटहून थोडी बरी. पण पुढचे कार्बोरेटर तर तापतातच, आणि पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. म्हणजे गाडी उभी, इंजिन हळू, तर पंखाही हळू. पंचेचाळीस डिग्रीत सीताबर्डीच्या गर्दीत वीस मिनिटं काढा, तापमानाची सुई कुठे जाते ते बघा. एसीबद्दल तर बोलतच नाही. उघड्या टपाच्या गाडीत मुलीला दुपारी शाळेतून आणणार का तुम्ही?

दुसरं कारण ब्रेक. यावर माणसं बोलत नाहीत, रंगावर बोलतात. १९६५च्या एमजीबीला पुढे डिस्क आहेत, मागे ड्रम, आणि चारही चाकांना तेल पोचवणारी व्यवस्था एकच. कुठेही एक रबर फाटलं, एक नळी फुटली, की पॅडल थेट फळीपर्यंत खाली. उरतो तो हँडब्रेक. आजच्या कुठल्याही गाडीत ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात, एक गेला तरी दुसरा पकडतो, वर ब्रेक दाबताना चाकं जाम होऊ न देणारं एबीएस. एप्रिल २०१९ पासून तर नव्या गाड्यांना ते सक्तीचंच आहे. शिवाय एमजीचा स्टिअरिंगचा दांडा सरळसोट लोखंडी, धडकेत मुडपून आत जाणारा नव्हे. एअरबॅगचा प्रश्नच नाही. एकट्याने रविवारी सकाळी सहाला काटोल रोडवर जायला ही गाडी ठीक, तोही ब्रेकचं सगळं रबर नवं घातल्यावर. सहा वर्षांच्या पोराला शेजारी बसवून रोज पडोळे चौकातून काढायला नाही.

आणि तिसरं कारण कायदा. इथे तुम्ही गोंधळलेले दिसता, म्हणून जरा सविस्तर सांगते. शौकीन मंडळी 'व्हिंटेज' म्हणजे १९३० पर्यंतची गाडी असं मानतात, त्यांच्या लेखी तुमची एमजी 'क्लासिक'. सरकारने मात्र २०२१ मध्ये नियम केला त्यात पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी ती व्हिंटेज, असं सरळ ठरवलं. अशा गाडीला वेगळी नोंदणी मिळते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं, नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण ती घेतली की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. भाजी आणायला नाही. रोज चालवायची तर साधी नोंदणीच नूतनीकरण करून ठेवावी लागेल, फिटनेस तपासणीसकट. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांची नूतनीकरणाची फी वाढली. देशी मोटारीला दहा हजार, आयात केलेल्या चारचाकीला ऐंशी हजार. दर पाच वर्षांनी. तुमची एमजी इंग्लंडची आहे, हे आजोबांना कौतुकाचं होतं, तुम्हाला ऐंशी हजारांचं पडेल. गिरीपेठेत आरटीओत जाऊन आजची फी एकदा विचारून या.

तर रोजची गाडी कोणती, हा प्रश्न संपला. वहिनी बरोबर आहेत. त्यांना हे आज संध्याकाळी सांगा, माझं नाव घेऊन सांगितलं तरी चालेल.

पण सेडान घेतानाही डोळे उघडे ठेवा. चार मीटरपेक्षा लांब सेडान म्हणजे सिटी, व्हर्ना, व्हर्टस, स्लाव्हिया, यांच्यावर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के आहे. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्क्यांत बसते, म्हणजे डिझायर, अमेझ वगैरे. फरक मोठा आहे. तुम्ही पाच माणसं, त्यात दोन मुलं. डिझायरमध्ये मावता, पण यवतमाळच्या लग्नाला पाच जणांच्या बॅगा घेऊन निघालात तर सिटीच्या ५०६ लिटरच्या डिकीची आठवण येईल. माझं मत विचाराल तर दोन-तीन वर्षं वापरलेली मोठी सेडान घ्या, साधारण दहा-अकरा लाखांत. एप्रिल २०२३ नंतर बनलेलीच बघा. आता पंपावर साधं म्हणून मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि त्या तारखेनंतरच्या गाड्यांचे रबर-नळ्या ते सोसतील अशा आहेत. व्हर्टस, स्लाव्हिया आणि व्हर्ना या तिन्हींना २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले. मुलं मागे बसणार आहेत, तेव्हा हे बघणं सनरूफ बघण्यापेक्षा बरं. सनरूफ नागपुरात कशाला हवं, ते मला आजवर कोणी पटवलेलं नाही.

आणखी एक. गाडी बघायला जाताना आईंना घेऊन जा. सेडानची सीट खाली असते, बसताना गुडघा वाकवून आत टाकावा लागतो आणि उतरताना सगळा जोर त्याच गुडघ्यावर येतो. आईंना मागच्या सीटवर तीनदा बसवा, तीनदा उठवा. तिसऱ्यांदा उठताना त्यांनी दाराची चौकट धरून तोंड वाकडं केलं, तर ती गाडी सोडा, मग तिला कितीही तारे असोत. सेल्समन घाई करेल. करू द्या.

समृद्धीवरून शिर्डीला वगैरे जाणार असाल, तर टायरवर आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे असतात ते वाचायला शिका. '१८२३' म्हणजे २०२३ सालचा अठरावा आठवडा. सिमेंटचा रस्ता, मेचं ऊन आणि ताशी एकशेवीसची परवानगी, या तिन्हींत जुनं रबर टिकत नाही. मामांच्या एमजीचे टायर नऊ वर्षं एकाच जागी उभे आहेत, म्हणजे ते दिसायला टायर आहेत, एवढंच.

आता मुद्द्याचं. पत्रात तुम्ही एक ओळ इतकी सहज लिहून गेलात की मला ती दोनदा वाचावी लागली. आरसी अजून आजोबांच्या नावावर आहे.

भाचेबुवा, गाडी आजोबांची, आजोबा गेले. त्यांनी मृत्युपत्र करून ती मामांना दिली होती का? दिली असेल तर कागद बघा. नसेल, तर गाडीवर मामांचा जेवढा हक्क आहे तेवढाच तुमच्या आईंचाही आहे. एखादी मावशी असेल तर तिचाही, आणि आजी असत्या तर त्यांचाही. मुलगी झाली म्हणून हिस्सा कमी होत नाही. म्हणजे तुम्ही ज्या गाडीचे सात लाख मामांना मोजायला निघालात तिची एक मालकीण रोज संध्याकाळी तुमच्याच घरात चहा पिते. त्यांना हे विचारलंत का? पत्रात आईंचा गुडघा आहे, आईंचं मत कुठेच नाही.

मामांवर माझा मुळीच संशय नाही. साठीच्या पुढच्या पिढीत 'गाडी भावाची, दागिने बहिणीचे' असं न बोलता ठरून गेलेलं असतं, आणि कोणाची तक्रारही नसते. पण आरटीओला न बोलता ठरलेलं कळत नाही. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला नमुना ३१चा अर्ज लागतो. मृत्यूनंतर तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असा नियम आहे. तुमच्याकडे उशीर कधीच होऊन गेला, त्यामुळे दंड भरावा लागेल, बाकी वारसांची ना-हरकत द्यावी लागेल. हे होईपर्यंत मामा ती गाडी तुम्हालाच काय, त्या 'बाहेरच्या'लाही रीतसर विकू शकत नाहीत. तेव्हा बाहेरचा जास्त देतोय या धाकाने घाबरू नका. कागद बघितले की तो बाहेरचा तिथल्या तिथे गायब होईल.

गुंतवणुकीचं म्हणता, तर सरळ हिशेब. सेडानची किंमत दर वर्षी घसरते आणि चांगल्या जुन्या एमजीची घसरत नाही, हे खरं. पण 'चांगल्या' म्हणजे कोणत्या? ज्या गाडीचं मूळ इंजिन, मूळ सांगाडा आणि मूळ कागद जुळतात तिची. आपल्याकडे एक भानगड हमखास असते. एमजीबीचं इंजिन आणि आपल्या अ‍ॅम्बॅसडरचं १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन ही एकाच घराण्यातली, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या बी सिरीजची. सख्खे भाऊच म्हणा, एक मोठा एक धाकटा. यात फायदा असा की नागपुरातल्या कुठल्याही जुन्या अ‍ॅम्बॅसडरवाल्या मिस्त्रीला एमजीचं बॉनेट उघडल्यावर परकं वाटत नाही. तोटा असा की ऐंशीच्या दशकात एमजीचं इंजिन गेलं की मिस्त्री सरळ अ‍ॅम्बॅसडरचं उचलून बसवायचे, आणि मालकही खूश असायचे. तुमच्या गाडीत तसं झालंय का, हे आधी बघा. इंजिनाच्या ब्लॉकवर एक छोटी पट्टी रिव्हेट केलेली असते, तिच्यावरचा नंबर १९६५च्या गाडीत '१८जीबी' ने सुरू व्हायला हवा. रॉकेलचा बोळा घेऊन पुसा, नंबर लिहून घ्या, आरसीशी पडताळा. नाही जुळला तर व्हिंटेजची नोंदणी अवघड, आणि सात लाखांचा भावही हवेतला.

दुसरं, पत्रा. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सांगाडा आहे. दाराखालून जी लांब पट्टी जाते, ज्याला सिल म्हणतात, तिच्यावर अर्धी गाडी तोललेली आहे, आणि नेमकी तीच सडते. लाल रंगावर जाऊ नका. फ्रिजवरचं लोहचुंबक घ्या, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून मलमलीत गुंडाळा, आणि सिलवरून सावकाश फिरवा. जिथे ते हातातून सुटून पडेल तिथे पत्रा नाही, पुटिंग आहे. मग दार बंद करून गाडी जॅकवर एका बाजूने उचला. दार आणि बॉडीमधली फट बघत राहा. फट मिटत गेली, किंवा दार उघडेनाच, तर गाडी मधून वाकतेय. रामदासपेठेतल्या शेडला पन्नास पावसाळे झालेत, त्यामुळे मला फारशी आशा नाही, पण मामांनी खाली फरशी घातली असेल तर नशीब. बाकी सुट्या भागांची काळजी नको. या मॉडेलच्या पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, आणि इंग्लंडात १९८८ पासून अख्खी नवी बॉडीसुद्धा पुन्हा बनवून मिळते. फक्त त्यावर कस्टम ड्यूटी आणि जहाजाचं भाडं जोडा, म्हणजे गुंतवणूक हा शब्द तुम्ही परत वापरणार नाही. आणि हो, आपल्याकडे सध्या एमजी नावाने ज्या गाड्या विकतात त्यांच्या शोरूमला या कामासाठी फोन करू नका. नाव तेच, घर वेगळं. तिथला पोरगा बिचारा गडबडेल.

तर काय करा?

सात लाख देऊ नका. पहिला बेतही तसा मोडीतच काढा. आठ लाखांत तुम्हाला हवी तशी सेडान धड मिळणार नाही आणि दोन गाड्यांपैकी एकही मनासारखी होणार नाही. दहा-अकरा सेडानला जाऊ द्या. दीड-दोन लाख बाजूला ठेवा, ते एमजीला. विकत घ्यायला नाही, चालू करायला. उरलेले बँकेत. मामांना जाऊन सांगा: गाडी इथेच शेडमध्ये राहू दे, आरसीवर नाव तुमचं किंवा आईचं, तुम्ही भाऊबहीण ठरवाल तसं लावून घेऊ, खर्च माझा, रविवार माझे, तुम्ही फक्त खुर्ची टाकून बसा आणि शिव्या द्या. माझा अंदाज असा की ७६ वर्षांच्या माणसाला सात लाखांपेक्षा हे जास्त हवंय. गिऱ्हाईक खरंच तयार होतं तर मामांनी भाच्याला कमी भावात कशाला विचारलं असतं? अंदाज चुकला आणि त्यांना खरोखर पैशाचीच अडचण असेल, तर ती वेगळी मदत म्हणून करा, गाडीच्या किमतीत लपवू नका.

काम सुरू कराल तेव्हा क्रम चुकवू नका, कारण अधीर माणूस पहिल्याच दिवशी बॅटरी जोडून किल्ली फिरवतो आणि इंजिन आतून ओरबाडतो. चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑईल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी टॉप गिअर टाकून दोघांनी गाडी पुढे-मागे हलवून बघा. इंजिन सुटं असेल तर प्लगच्या भोकातून फस्सकन हवा येईल. जाम असेल तर जोर लावू नका, परत तेल, परत आठवडा.

मग ब्रेक. इंजिन सुरू व्हायच्या आधी ब्रेक. चारही चाकांची रबरं, मास्टर सिलिंडर, सगळ्या लवचीक नळ्या, एकही जुनी ठेवू नका.

बॅटरी जोडायला कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याला बोलावू नका. या गाडीत सीटच्या मागे, खाली, सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि बॉडीला जातो तो प्लस, आपल्या सगळ्या गाड्यांच्या उलट. सवयीने हात मायनस बॉडीला लावतो. मध्ये कोणी बदल केलेला असू शकतो, म्हणून मामांना विचारा. त्यांना आठवेल. अशा गोष्टी माणसं पोरांची लग्नं विसरली तरी विसरत नाहीत.

किल्ली फिरवली की मागून पंपाची टक-टक-टक ऐकू यायला हवी, आधी भराभर, मग कार्बोरेटर भरले की सावकाश, मग गप्प. काहीच आवाज आला नाही, तर पंपाचे पॉईंट चिकटलेत. बाबा वाकून बुटाच्या टाचेने पंपाला एक हलकी टपली द्यायचे आणि तो लागलीच बोलायला लागायचा. ही काही गावठी युक्ती नव्हे, त्या पंपाचा सगळ्या जगात हाच इलाज आहे. पेट्रोलच्या नळ्या मात्र इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्याच घाला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पावसाळ्यात टाकी आतून गंजते. शिशाचं पेट्रोल २००० सालीच बंद झालं. हेड कधी उघडलंच तर व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्या, म्हणजे ती चिंताही मिटेल. पण त्यासाठी मुद्दाम उघडू नका.

मुलीलाही न्या. अकरा वर्षांचं पोर पाना धरायला आणि सुटे नट गोळा करून डब्यात टाकायला अगदी योग्य वयाचं असतं, मी तिच्याच वयाची होते. वहिनींनाही बोलवा, पण सेडान दारात आल्यावर. त्याआधी बोलावलंत तर तो अबोला मला निस्तरता येणार नाही.

आणि पहिल्या रविवारी सगळ्यांत आधी ती जुनी टाकी रिकामी करायची आहे. नऊ वर्षांचं पेट्रोल व्हार्निशसारखं चिकट आणि आंबूस झालेलं असतं, पण पेट घ्यायला कमी करत नाही. उघड्या अंगणात करा, सकाळी लवकर. शेजारी कोणी बिडी शिलगावून चौकशीला येत नाही ना, तेवढं मामांना गेटवर खुर्ची टाकून बघायला सांगा.